बोगद्यात अडकलेला व्हीलॅन ४०

सोमवारी सकाळी सव्वानऊला परीक्षा विभागातून फोन आला. "सर, नेट चालू आहे हो, गूगल उघडतंय. पण मार्क भरायचं पोर्टल काही उघडत नाहीये."

गूगल दिसतं आणि कॉलेजचा आतला सर्व्हर दिसत नाही, म्हणजे लॅपटॉप पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये (व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कमधला वेगळा कप्पा) जाऊन बसलाय, एवढं फोनवरच कळलं. तो तिथे का बसलाय हे कळायला मात्र दुपारचे अडीच वाजले. त्या पाच तासांचा, आणि नंतरच्या दोन दिवसांच्या शेपटाचा हा हिशेब.

कॉलेज इंजिनीअरिंगचं, खासगी, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. नेटवर्क माझ्याकडे वार्षिक कराराने आहे. चार इमारती, बावीस ॲक्सेस स्विच (भिंतीतल्या केबली ज्यांत येऊन मिळतात त्या पेट्या), सगळे सिस्को कंपनीचे कॅटॅलिस्ट, बरेचसे जुने. भिंतीतल्या कुठल्याही पॉइंटला केबल लावली की स्विच ८०२.१एक्सने (ओळख तपासायची पद्धत, बोलताना डॉट-वन-एक्स) ओळख विचारतो, मिळालेलं उत्तर रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे नाव-पासवर्ड तपासणाऱ्या मशीनकडे, पोचवतो आणि सर्व्हर सांगेल त्या व्हीलॅनमध्ये तो पोर्ट, म्हणजे केबलची खाच, टाकतो. शिक्षकांना २०, लॅबला ३०, परीक्षा विभागाला ४०, प्रिंटरना ६०. सर्व्हरने "आत घे" म्हटलं पण व्हीलॅन सांगितलाच नाही, तर पोर्टवर मुळात लिहिलेला ९९ लागू होतो. तो पाहुण्यांचा, त्यातून फक्त बाहेरचं इंटरनेट. ही रचना माझीच, आणि तिचा मला जरा अभिमानही होता. परीक्षेच्या मॅडम कुठल्याही इमारतीत जाऊन बसल्या तरी ४० मध्येच जाणार, आयटीवाल्याला फोन करायची गरज नाही. आता फोन आला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी रेडियस सर्व्हर बदलला होता. जुनं मशीन सेंटओएस ६ या लिनक्सचं, त्यावर रेडियसचं काम करणारा फ्रीरेडियस २.२. सेंटओएस ६ चे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० लाच संपले, ऑडिटवाल्यांनी त्यावर शेरा मारून झाला होता, त्यामुळे टाळाटाळ करायला जागा उरली नव्हती. नवीन मशीनवर डेबियन १२ आणि फ्रीरेडियस ३.२. मायएसक्यूएलमधले यूजर आणि ग्रुप डंप काढून आणले, स्विचांची यादी आणि त्यांचे सीक्रेट (स्विच आणि सर्व्हरमधले सामाईक पासवर्ड) आणले, सर्टिफिकेट जुनंच ठेवलं. आयपी तोच दिला, म्हणजे बावीस स्विचना हात लावायला नको. मग रेडटेस्ट हा फ्रीरेडियसचाच तपासणीचा प्रोग्राम चालवून तीन यूजर तपासले. तिन्ही पास, तिघांनाही बरोबर व्हीलॅन. कुलूप लावून घरी गेलो. शनिवार-रविवार कॉलेज बंद, म्हणून कुणी ओरडलं नाही.

आधी मार स्विचला

शुक्रवारी बदलला सर्व्हर आणि सोमवारी बिघडलं नेट, तर शहाणा माणूस आधी सर्व्हर बघेल. मी स्विचपाशी जाऊन बसलो. कारण सोपं आहे: सर्व्हर मी स्वतः तपासला होता, आणि स्वतः तपासलेल्या गोष्टीवर आपला विश्वास जरा जास्तच असतो.

स्विचवर त्या पोर्टचं ऑथेंटिकेशन सेशन काढलं. यूजरनेम बरोबर. पद्धत डॉट-वन-एक्स. स्टेटस, ऑथोराइज्ड. कुणी ओळख पटवली, तर ऑथेंटिकेशन सर्व्हरने. आणि त्याच्या खालच्या ओळीत, व्हीलॅन पॉलिसी: एन/ए.

ही एन/ए ओळ दोन कारणांनी येऊ शकते. एक म्हणजे सर्व्हरने व्हीलॅन पाठवलाच नाही. दुसरं म्हणजे पाठवला, पण स्विचने तो वाचायचा कष्ट घेतला नाही. सिस्कोवर दुसरं कारण इतकं नेहमीचं आहे की हात आपोआप तिकडेच जातो. डॉट-वन-एक्सच्या ऑथेंटिकेशनची ओळ लिहिली की पासवर्ड तपासणं सुरू होतं, पण सर्व्हरने दिलेला व्हीलॅन लागू करायला "एएए ऑथरायझेशन नेटवर्क" ही वेगळी ओळ लागते. ती विसरली तर पोर्ट उघडतो, हिरवा दिवा लागतो, आणि व्हीलॅन चुपचाप दुर्लक्षित होतो. एररचा एक शब्दही येत नाही. मी अशा तीन ठिकाणी तरी दुसऱ्यांची ही ओळ लिहून दिली आहे.

इथे ती ओळ होती. होती म्हणजे काय, असणारच. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं चालत होतं आणि स्विचला मी हात लावला नव्हता. तरी मी व्हीलॅन ४० स्विचवर आहे का ते पाहिलं, आहे. पोर्ट बंद करून चालू केला, तेच. मग, हे लिहायला लाज वाटते, पण स्विच रीबूट केला. त्या स्विचवर असलेले चाळीसेक लोक साडेचार मिनिटं बाहेर, आणि परत आल्यावर सगळे पुन्हा ९९ मध्ये. आता शिक्षकांचेही फोन सुरू झाले. त्यांना २० मिळत नव्हता.

सर्व्हरवर जाऊन परत रेडटेस्ट मारला. परीक्षा मॅडमच्याच नावाने. उत्तर ॲक्सेस-ॲक्सेप्ट, म्हणजे आत घे, खाली व्हीलॅन सांगणाऱ्या तीन ओळी: टनेल-टाइप व्हीलॅन, टनेल-मीडियम-टाइप ८०२, टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी ४०. म्हणजे सर्व्हर बरोबर. मग परत स्विच.

अकरा वाजले होते.

प्रिंटर

ऑफिसात खुर्ची ओढून कॉन्फिगरेशन वरून खाली वाचत होतो. शिपाईमामा आले आणि प्रिंटरवरून नोटिसांचा गठ्ठा उचलून निघाले. मी विचारलं, "मामा, प्रिंट कुणी दिली?"

"आत्ताच साहेबांनी. का हो, बंद पडलाय का?"

प्रिंटर बंद पडला नव्हता, आणि नेमकं तेच विचित्र होतं. प्रिन्सिपॉलांचा पीसी प्रिंटरला यूएसबीने जोडलेला, ते सोडून देऊ. पण प्रिंटरचं स्टेटस पान मी मुद्दाम छापून बघितलं. आयपी ६० च्या रेंजमधला. त्याच स्विचवर, दोन पोर्ट सोडून, प्रिंटर आपल्या व्हीलॅनमध्ये नीट बसला होता. सर्व्हर बदलल्यानंतर, शनिवारी पहाटे, तो परत ऑथेंटिकेट झाला होता, लॉगमध्ये वेळ होती. म्हणजे सर्व्हर व्हीलॅन पाठवू शकतो आणि स्विच तो पाळू शकतो, या दोन्ही गोष्टी सकाळपासून माझ्यासमोर सिद्ध होऊन पडल्या होत्या.

प्रिंटर आणि मॅडमचा लॅपटॉप यांत फरक काय? प्रिंटरला डॉट-वन-एक्स येत नाही. स्विच त्याला विचारतो, विचारतो, कंटाळतो आणि शेवटी त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांकच, यूजरनेम आणि पासवर्ड म्हणून सर्व्हरला पाठवतो. (सिस्कोच्या मूळ सेटिंगने हा कंटाळा यायला ९० सेकंद लागतात, तीस-तीसच्या तीन फेऱ्या. तेवढ्यात काही यंत्रं डीएचसीपीचा (नेटवर्ककडून आयपी मागून घेण्याचा) नाद सोडून १६९.२५४ चा स्वतःच ठरवलेला आयपी घेऊन बसतात. तो वेगळा विषय.) हा मॅकचा प्रश्न एका दमात जातो आणि एका दमात उत्तर येतं. रेडटेस्टही अगदी तसाच वागतो: साधा पासवर्ड, एक प्रश्न, एक उत्तर.

लॅपटॉप तसा वागत नाही. विंडोज पीईएपी वापरतं, त्यात प्रश्न-उत्तरांच्या बऱ्याच फेऱ्या होतात. म्हणजे मी शुक्रवारी आणि आज सकाळी जे तपासलं, ते प्रिंटरचं दार होतं. माणसांच्या दाराला मी अजून हातच लावला नव्हता.

दोन बोगदे

इथे जरा थांबायला हवं, कारण "टनेल" या शब्दाने भल्याभल्यांचा घोळ होतो.

पहिला बोगदा पीईएपीचा. लॅपटॉप आणि रेडियस सर्व्हर आधी आपसात एक टीएलएस बोगदा, म्हणजे कुलूपबंद जोडणी, खणतात. त्यात सात-आठ निरोपांची ये-जा होते, आणि स्विच बिचारा पोस्टमनसारखा बंद पाकिटं इकडून तिकडे देत राहतो. बोगदा तयार झाला की त्याच्या आत खरं नाव आणि पासवर्ड तपासला जातो. फ्रीरेडियसमध्ये या आतल्या तपासणीला स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर आहे, नाव इनर-टनेल. बाहेरचा सर्व्हर वेगळा, त्याचं नाव डीफॉल्ट. आत एक संपूर्ण प्रश्न-उत्तर होतं, आतलं स्वतःचं ॲक्सेस-ॲक्सेप्टही असतं, पण ते स्विचला दिसत नाही. स्विचला दिसतं ते बाहेरचं.

दुसरा बोगदा नावापुरता. टनेल-टाइप वगैरे तीन ॲट्रिब्यूट (उत्तरातले रकाने), क्रमांक ६४, ६५ आणि ८१, हे जून २००० मधल्या आरएफसी २८६८ मधले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवलेले कागद). ते बनवले होते डायल-अपवाल्यांच्या खऱ्या टनेलसाठी, पीपीटीपी, एलटूटीपी वगैरे. नंतर २००३ मध्ये आरएफसी ३५८० ने सांगितलं की याच तीन खोक्यांत व्हीलॅन भरा: टाइपमध्ये १३, मीडियममध्ये ६ आणि ग्रुप-आयडीमध्ये व्हीलॅनचा क्रमांक, तोही आकडा म्हणून नाही, अक्षरं म्हणून. खोकी जुनी, माल नवा, लेबल तसंच राहिलं. पीईएपीच्या बोगद्याशी यांचा काडीचा संबंध नाही. आमच्या प्रकरणात मात्र दुसऱ्या बोगद्याचा माल पहिल्या बोगद्यात अडकला होता.

आता पुरावा. सर्व्हरवर १८१२ पोर्टचं (हा रेडियसचा सॉफ्टवेअरमधला पोर्ट, भिंतीतला नव्हे) पॅकेट कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या निरोपांची नोंद, लावलं आणि एका लॅब असिस्टंटला म्हटलं, केबल काढून परत लाव. शेवटचं ॲक्सेस-ॲक्सेप्ट उघडलं. त्यात यूजरनेम होतं, ईएपीचा (पीईएपी त्याचाच एक प्रकार) यशाचा निरोप होता, मेसेज-ऑथेंटिकेटर होता, मायक्रोसॉफ्टच्या दोन किल्ल्या होत्या. ६४ नाही, ६५ नाही, ८१ नाही. स्विचला व्हीलॅन कुणी सांगितलाच नव्हता. शेजारी प्रिंटरचं ॲक्सेस-ॲक्सेप्ट ठेवलं, त्यात तिन्ही होते, ८१ च्या पोटात ६ आणि ० ही दोन अक्षरं. या दोन पॅकेटांचा फरक बघायला दहा मिनिटं लागली. सकाळी सव्वानऊलाही दहाच मिनिटं लागली असती.

मग फ्रीरेडियस बंद करून डीबगमध्ये चालवला, कॅपिटल एक्सवाला. बाहेरच्या फेऱ्यांत दर वेळी तेच, ईएपी म्हणतो बोगदा खणणं चालू आहे, आणि ऑथोराइज विभाग तिथेच थांबतो. थांबावाच लागतो, तशीच सोय केलेली आहे, नाहीतर प्रत्येक फेरीला डेटाबेसला उगाच विचारणा होईल. म्हणजे बाहेर एसक्यूएल, तोच यूजरांचा डेटाबेस, उघडलंच जात नाही. आत उघडलं जातं. आणि आतल्या उत्तरात टनेल-टाइप व्हीलॅन, ग्रुप-आयडी ४०, सगळं लख्ख छापलेलं. त्याखाली, आतलं ऑथेंटिकेशन यशस्वी. त्याखाली बाहेरचं उत्तर, त्यात काहीच नाही.

आतल्याने सांगितलं, बाहेरच्याने पुढे सांगितलं नाही.

जुन्या सर्व्हरवर हे का चालत होतं? जुन्या मशीनचा बॅकअप उघडला. ईएपी.कॉन्फमध्ये पीईएपीच्या कंसात एक ओळ, यूज-टनेल्ड-रिप्लाय इज इक्वल टू यस. आणि वर माझ्याच हातची कॉमेंट: व्हीलॅनसाठी, काढू नये. मीच लिहून मीच विसरलो होतो. आवृत्ती ३ मध्ये ईएपीच्या फाइलची जागा आणि मांडणी बदलली, म्हणून ती फाइल मी आणली नाही, फक्त सर्टिफिकेटचे पत्ते नव्या फाइलमध्ये घातले. आणि नव्या फाइलमध्ये त्या ओळीचं मूळ उत्तर "नो" असतं.

दुरुस्ती, आधी चुकीची

ती ओळ "यस" केली असती तर बहुधा चाललं असतं. पण तिच्या वरच लिहिलेलं आहे की ही सोय आता मोडीत निघाली, त्याऐवजी दुसरी पद्धत वापरा. नवीन सर्व्हरवर पहिल्याच आठवड्यात मोडीतली ओळ नको, म्हणून मी शहाणपणा केला. इनर-टनेलच्या पोस्ट-ऑथमध्ये, म्हणजे ओळख पटल्यानंतर चालणाऱ्या भागात, स्वतःच लिहिलं: आतल्या उत्तरातले तीन ॲट्रिब्यूट बाहेरच्या रिप्लायमध्ये टाक. दिसायला अगदी बरोबर. चालवलं, लॅपटॉप पुन्हा ९९ मध्ये.

कॅप्चर पुन्हा उघडलं आणि हसू आलं. या वेळी ६४, ६५, ८१ बोगद्यातून बाहेर आले होते, पण एक पॅकेट आधी. पीईएपीमध्ये आतली तपासणी पास झाली की लगेच बाहेरचं ॲक्सेस-ॲक्सेप्ट जात नाही. सर्व्हर आधी आणखी एक ॲक्सेस-चॅलेंज पाठवतो, "आत पास झालास, कबूल का?" लॅपटॉप कबूल म्हणतो, आणि मग बाहेरचं ॲक्सेप्ट निघतं. मी "बाहेरचा रिप्लाय" म्हटलं, आणि त्या क्षणी बाहेरचा रिप्लाय होता तो चॅलेंज. त्यात व्हीलॅन बसून गेला, स्विचने चॅलेंजमधल्या व्हीलॅनकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि ॲक्सेप्ट पुन्हा रिकामं. बस सुटायच्या आधी डबा दिला, पण चुकीच्या बसमध्ये.

फ्रीरेडियसवाल्यांना हे माहीत आहे, म्हणून त्यांनी सेशन-स्टेट नावाची एक थैली ठेवली आहे. तिच्यात टाकलेलं फेऱ्या संपेपर्यंत टिकतं. इनर-टनेलच्या पोस्ट-ऑथमध्ये हा तुकडा तयारच लिहून ठेवलेला आहे, फक्त त्याच्या डोक्यावर "इफ (०)" आहे, म्हणजे बंद. त्या शून्याचा एक करायचा. तुकड्याच्या पहिल्या अर्ध्यात आतल्या उत्तरातून यूजरनेम, किल्ल्या, ईएपीचे निरोप असं जे बाहेर जाता कामा नये ते पुसून टाकलं आहे, आणि दुसऱ्या अर्ध्यात उरलेलं थैलीत भरलं आहे. पुसण्याचा भाग फालतू समजून काढू नका. किल्ल्या दोन जोड्यांनी बाहेर गेल्या तर वायफायवाले क्लायंट गडबडतात. बाहेरच्या डीफॉल्ट सर्व्हरच्या पोस्ट-ऑथमध्ये थैली शेवटच्या रिप्लायमध्ये ओतणारा तुकडा मुळातच चालू असतो.

शून्याचा एक केला. दोन वाजून चोवीस मिनिटांनी स्विचच्या लॉगमध्ये ओळ आली, व्हीलॅन ४० त्या पोर्टला दिला. मॅडमचं पोर्टल उघडलं. त्यांनी मला चहा विचारला आणि मी घेतला.

त्याच संध्याकाळी मी सर्व्हरवर ईपोल-टेस्ट टाकून घेतलं. डब्ल्यूपीए-सप्लिकंटच्या सोर्समधून बनवता येतं. ते लॅपटॉपसारखं पूर्ण पीईएपी करून दाखवतं आणि शेवटच्या ॲक्सेप्टमध्ये काय आलं ते छापतं. रेडटेस्टचा दोष नाही. मी त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलं.

शेपूट

मंगळवारी सकाळी बी इमारतीतून तक्रार. तिथल्या परीक्षा पर्यवेक्षकांचं म्हणणं, "काल निदान गूगल तरी चालत होतं, तुम्ही दुरुस्त केलंत आणि तेही गेलं." त्यांचं बरोबर होतं. तो स्विच दिवाळीच्या सुटीत बदलला होता आणि परीक्षावाले तिथे सुटीनंतर पहिल्यांदाच बसत होते. स्विचचा लॉग अगदी स्पष्ट: नसलेला किंवा बंद असलेला व्हीलॅन ४० पोर्टला द्यायचा प्रयत्न. सर्व्हर व्हीलॅन पाठवत नव्हता तोवर पोर्ट ९९ मध्ये सुखाने होता. आता सर्व्हर ४० म्हणतो, स्विचवर ४० नाही, म्हणून स्विच पोर्टच उघडत नाही. स्विच व्हीटीपी (स्विचनी एकमेकांना व्हीलॅनची यादी कळवायची सोय) ट्रान्स्परंट मोडमध्ये, म्हणजे ती यादी स्वतःला लागू न करणारा, त्यामुळे व्हीलॅन आपोआप येण्याचा प्रश्न नव्हता. हाताने बनवला.

पोर्ट उघडला, आयपी १६९.२५४, म्हणजे नेटवर्ककडून आयपी मिळालाच नाही. म्हणजे वरच्या ट्रंकवर (स्विच-स्विचमधल्या मुख्य जोडणीवर) ४० ला परवानगी नाही. तिथे "अलाउड व्हीलॅन" लिहिताना "ॲड" हा शब्द घालायला विसरू नका. विसरलात तर आधीची सगळी यादी जाऊन एकटा ४० उरतो, आणि ज्या व्हीलॅनमधून तुम्ही स्विचवर लॉग-इन झालात तोही जातो. मग जिना चढून कन्सोल केबल थेट स्विचला लावायची. मी एकदा चढलोय, दुसऱ्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर.

बुधवारी एकच पोर्ट राहिला. अकाउंट्सच्या खोलीतला. तिथली तक्रार दोन वर्षांची जुनी होती, कधी चालतं कधी नाही, आणि मी दर वेळी केबल बदलून यायचो. या वेळी सर्व्हरचा लॉग समोर होता. एकाच पोर्टवरून दोन नावं, परीक्षा विभागाचा क्लार्क आणि एक शिक्षक. टेबलाखाली वाकून पाहिलं तर आठ पोर्टचा एक छोटा स्विच, कुणीतरी बाजारातून आणून धूळ खात ठेवलेला. आमच्या पोर्टवर मल्टी-ऑथ मोड आहे, एका पोर्टवर अनेक जण चालतात, पण त्या जुन्या कॅटॅलिस्टवर व्हीलॅन एकच. पहिला जो येईल त्याचा व्हीलॅन पोर्टला लागतो, मागून वेगळा व्हीलॅन घेऊन येणाऱ्याला नकार. शिक्षक आधी आले तर २०, क्लार्क बाहेर. क्लार्क आधी आले तर ४०, शिक्षक बाहेर. दोन वर्षं त्या खोलीतलं नेट कोण कामावर आधी येतो यावर चाललं होतं.

क्लार्कना विचारलं, हा स्विच कुणी बसवला? ते म्हणाले, "तुम्हीच नाही का दिलात, लॉकडाउननंतर, तात्पुरता?"

दुसरी केबल ओढायला वीस मिनिटं लागली.